पहिल्या फेरीआधी दुसऱ्या फेरीचे पैसे



जुलैचा शेवटचा आठवडा आला की माझ्या अंधेरीच्या हार्डवेअरच्या दुकानातलं गिऱ्हाईक बदलतं. बिल्डिंगवाले कमी आणि वेसाव्याचे नाखवा जास्त. कोणाला रंग हवा, कोणाला दोर, कोणाला नट-बोल्ट. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेवढे दिवस किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली बोट आता पाण्यात उतरवायची असते.

काउंटरवर बसून इतकी वर्षं हे बघतोय, त्यातून माझं एक ठाम मत झालंय. ज्याच्याकडे फक्त पहिल्या फेरीचे पैसे आहेत, त्याने सीझन सुरू केलेला नसतो, जुगार सुरू केलेला असतो. तुमचा धंदा कुठलाही असो, हे तुम्हालाही लागू आहे.

बोटीवर काय काय चढतं?

मोठी बोट एकदा गेली की चार-चार, आठ-आठ दिवस समुद्रात राहते. तेच घर, तेच स्वयंपाकघर. डिझेल, खणात भरायला बर्फ, जाळी, तांदूळ, कांदे-बटाटे, मसाला, शेगडी, औषधं, लाईफ जॅकेट. शिवाय खलाशांना आधीच दिलेली उचल. मीठ विसरलं म्हणून आणायला समुद्रात कोपऱ्यावर वाणी नाही.

पाण्याचाच हिशोब बघा. समजा आठ माणसं, पाच दिवस, प्यायला आणि जेवणाला माणशी रोज ४ लिटर. झाले १६० लिटर. पण शहाणा तांडेल सात दिवसांचं, म्हणजे २२४ लिटर भरतो. इंजिन बंद पडलं, वारा फिरला, तर ते वरचे ६४ लिटर जीव वाचवतात.

माझा प्रश्न एवढाच आहे. पाणी दोन दिवस जास्तीचं भरणारा माणूस पैसे मात्र मोजून एकाच फेरीचे का ठेवतो?

पहिली फेरी फसू शकते

सरकारी तारीख १ ऑगस्ट. पण समुद्र कॅलेंडर बघत नाही. हवामान खात्याचा इशारा आला की बोट अर्ध्यातून परत. डिझेल जळलं, बर्फ वितळला, म्हावरं नाही. काही जण तर नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय बोट काढतच नाहीत. २०२३ ला ती ३० ऑगस्टला होती, २०२४ ला १९ ऑगस्टला. म्हणजे श्रद्धा पाळायची तर कमाई काही आठवडे पुढे जाऊ शकते, खर्च मात्र थांबत नाही. हे पंचांगात आधीच छापलेलं असतं, त्यामुळे हिशोबातही आधीच यायला हवं.

पहिली फेरी रिकामी आली की मग नाखवा कुठे जातो? जो त्याचं म्हावरं विकत घेतो, त्याच व्यापाऱ्याकडे. तो म्हणतो, "घे एक लाख, व्याज नको. माल मलाच दे."

आता गणित करा. समजा या मेहरबानीपोटी भावात किलोमागे ८ रुपये कमी मिळाले. सीझनभरात १० टन माल दिला, तर ८०,००० रुपये गेले. आणि मूळ एक लाख अजून डोक्यावर आहेतच! व्याज नव्हतं, हे खरं. पण भाव ठरवायचा हक्क गेला.

व्यापारी वाईट, असं मी म्हणत नाही. अडचणीला तोच उभा राहतो, बँक रात्री अकराला फोन उचलत नाही. पण ज्याला माल विकायचा आहे, त्याचंच देणं असेल तर भावाला नाही म्हणता येत नाही.

मी स्वतः हेच केलंय

दुकानाच्या दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये मी बोटवाल्यांना भरपूर उधारी दिली. "पहिलं म्हावरं आलं की देतो" यावर विश्वास ठेवला. ऑगस्टमध्ये वारं सुटलं, पैसे अडकले. गणपतीच्या रंगाचा माल भरायला गल्ल्यात काहीच नव्हतं. एका होलसेलरकडून सगळं उधारीवर उचललं. त्याने न खपलेले शेड गळ्यात मारले आणि मी गुपचूप घेतले. बीबीएला वर्किंग कॅपिटलच्या पेपरात चांगले मार्क होते हो माझे! कळलं मात्र तेव्हा.

मग करायचं काय?

१. चांगल्या महिन्यांत दर फेरीमागे ठरावीक रक्कम बाजूला काढा. उरलं तर नाही, आधी.

२. बंदीच्या काळाची कमाई आधीच तयार ठेवा. कोळणींकडून शिका. उन्हात वाळवलेले बोंबील आगोटीला आणि पावसाळ्यात विकून घर चालतं, बोटीलाही हातभार लागतो. घरातलं खरं खेळतं भांडवल त्या टोपलीत असतं.

३. कर्ज घ्यायचंच तर गिऱ्हाईकाकडून नको. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही खुलं आहे. कागदपत्रं मे महिन्यात करा, ३० जुलैला नाही.

बोरिवलीत दिवाळीचा फराळ करणाऱ्या ताई, घाटकोपरचे राखीवाले दादा, मुलुंडचे छत्रीवाले काका, तुमचाही सीझन एक बोटच आहे. आज एका कागदावर तीन आकडे लिहा. पहिल्या खेपेचा खर्च, दुसऱ्या खेपेचा खर्च आणि हातातली रोकड. तिसरा आकडा पहिल्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी असेल, तर माल कमी भरा, छोटी खेप करा. त्यात कमीपणा नाही.

बोट उतरवायला उधाणाची भरती मिळते, चार माणसं हात लावतात. पुढचे दिवस मात्र आपण जे भरलंय त्यावरच काढायचे असतात.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर कागद-पेन घ्या!