तारीख चुकते तेव्हा



गेल्या पौर्णिमेला वंदनेला आमच्या वस्तीतील एक ताई आल्या नाहीत. घरी जाऊन विचारले, तर म्हणाल्या, "तारखेचा भरवसाच राहिला नाही. दोन महिने काही नाही, मग पंधरा दिवसांत दोनदा. पांढरी साडी नेसून विहारात बसायची भीती वाटते."

चाळिशी ओलांडलेल्या आम्हा साऱ्याजणींची हीच कथा. ऑफिसात आम्ही पैशापैशाचा हिशोब जुळवतो, पण हा हिशोब काही जुळत नाही. पाळी कायमची जाण्याआधी काही वर्षे अंडाशयातील संप्रेरकांचे प्रमाण कमीजास्त होते, म्हणून असे घडते. हा आजार नव्हे. सलग १२ महिने पाळी आली नाही, तरच ती गेली असे समजावे. तोवर दिवस राहू शकतात.

मात्र तासातासाला पॅड बदलावे लागत असेल, रक्तस्राव ७ दिवसांवर चालत असेल किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसला, तर दुखणे अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासून घ्या. कोणी लगेच "पिशवी काढून टाका" म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या. बीडच्या ऊसतोड भगिनींच्या गर्भपिशव्यांचे प्रकरण २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने वाचले आहे.

आणि विटाळाचे म्हणाल, तर तो आपण १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवरच सोडून आलो. पिशवीत जादा पॅड ठेवा, पण वंदना चुकवू नका. येत्या पौर्णिमेला त्या ताईंना घ्यायला आम्हीच जाणार आहोत.