जुना अडॅप्टर आणि दुरुस्तीचा विवेक

पुष्कळ कुटुंबांच्या कपाटात एखादा जुना लॅपटॉप पडून असतो. यंत्र धडधाकट असते. त्यात दिवंगत वडीलधाऱ्यांची पत्रे असतात, मुलांच्या पहिल्या कम्युनियनची छायाचित्रे असतात. निकामी झालेला असतो तो केवळ त्याचा अडॅप्टर. तेवढ्यासाठी अवघे यंत्र भंगारात देणे आम्हांस योग्य वाटत नाही. तथापि, काटकसरीच्या उत्साहात जीव धोक्यात घालणे हेही शहाणपणाचे नव्हे. आज या दोहोंविषयी चार शब्द लिहावे असा आमचा मानस आहे.

जुन्या यंत्राचा अडॅप्टर सहजी मिळत नाही. थिंकपॅडचेच उदाहरण घ्या. २००३ सालच्या टी-४० ला १६ व्होल्ट लागत. २००६ सालच्या टी-६० पासून २० व्होल्ट आले आणि पिनही बदलली. म्हणून घरात दुसरा अडॅप्टर असला, तरी त्यावरील आकडे वाचल्यावाचून तो जोडू नये. व्होल्ट तेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा अधिक असावेत.

प्रथम दोष बाहेर शोधावा. मल्टीमीटर लावून पिनेवर दाब येतो का ते पाहावे. वायर हलविताच आकडा येत-जात असेल, तर ती जेथे नित्य मुडपते तेथे आत तुटली आहे असे समजावे. दोष पिनेजवळ असेल, तर पेटी उघडण्याचे कारणच नाही. अडॅप्टर भिंतीतून काढून तुटका भाग कापावा आणि नवी पिन डाख देऊन बसवावी. धन कोणते व ऋण कोणते हे मात्र कापण्यापूर्वीच मीटरने पाहून टिपून ठेवावे.

पेटी उघडावयाची झाल्यास खरी सावधगिरी तेथे हवी. आपल्या घरातील २३० व्होल्टची वीज आत सरळ प्रवाहात बदलते, तेव्हा सुमारे ३२५ व्होल्ट होते आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. प्लग काढला म्हणजे ती गेली, असे नाही. बिघडलेल्या अडॅप्टरमध्ये तर ती बराच वेळ दबा धरून बसू शकते. पेटीस बहुधा स्क्रू नसतात. दोन अर्धुके चिकटविलेली असतात. त्या सांध्यावरून पाते अगदी वरवर चालवावे, खोल खुपसू नये. उघडल्यावर कशासही बोट न लावता मोठ्या कपॅसिटरवरील दाब मोजावा. वीज शिल्लक असल्यास १०,००० ओहमचा, ५ वॉटचा रोधक आवरणयुक्त तारांनी त्याच्या दोन टोकांस काही क्षण जोडून ती उतरवावी व पुन्हा मोजावे. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची रीत सर्वथा त्याज्य होय.

आत बाहेर जाणाऱ्या वायरीकडील एखादा लहान कपॅसिटर माथ्यावर फुगलेला दिसेल. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यातील द्रव सुकतो. त्याजागी तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्या किंवा अधिक व्होल्टचा, १०५ अंश सेल्सिअसचा नवा बसवावा. ऋण बाजूची पट्टी चुकू देऊ नये. फ्यूज उडाला असेल, तर त्यामागे बहुधा दुसरे काही जळलेले असते. तेथे तारेचा तुकडा जोडणे म्हणजे घरास आग लावण्याची तयारी करणे. पट्टी काळी पडली असल्यास किंवा मीटर वापरण्याची सवय नसल्यास थांबावे आणि जाणत्या कारागिराकडे जावे. दुरुस्तीनंतर पेटी पक्की चिकटवून, लॅपटॉप न जोडता, आधी दाब मोजून पाहावा.

पाच हजारांचे भोजन आटोपल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे वेचावयास लावले आणि बारा टोपल्या भरल्या, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. ज्याने क्षणात भाकरी वाढविल्या, त्यालाही तुकडा वाया जाणे रुचले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फेकून देण्याच्या वृत्तीविषयी जगास सावध केले, त्याचे मूळ याच शिकवणीत आहे. परंतु वस्तूहून माणूस मोलाचा, हीदेखील त्याच प्रभूची शिकवण. म्हणून वाचकहो, जे सांधता येते ते धीराने सांधा. जे सांधता येत नाही ते ई-कचरा घेणाऱ्यांच्या स्वाधीन करा. आणि मुलांच्या हाती पेचकस देण्यापूर्वी त्यांस मीटर वाचावयास शिकवा.