उरलेल्या गठ्ठ्याचा भाव

गेल्या दिवाळीत बोदवडच्या घराचा माळा आवरताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हाती लागला. आत रबर लावून ठेवलेली क्रिकेटपटूंची कार्डे! 1987 चा विश्वचषक आपल्याकडे झाला, त्या सुमाराची. बिग फन बबलगमबरोबर असे कार्ड मिळे. त्यावर धावा किंवा बळी छापलेले असत. त्यांची बेरीज जमली की बक्षीस. स्टेशनाजवळच्या टपरीवर आमची किती नाणी त्यापायी गेली, ते वडिलांना शेवटपर्यंत कळले नाही.

"काका, याला आता पैसे मिळतात," पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला. म्हणून डबा घेऊन मुंबईच्या एका संग्राहकाकडे गेलो. गृहस्थ जाणकार होते. गावसकर आणि कपिलदेव त्यांनी बाजूला काढले, भिंगातून कोपरे तपासले आणि बरा भाव सांगितला. उरलेला गठ्ठा मात्र न उलगडताच माझ्याकडे सरकवला. "हे कोणी मागत नाही."

बाजाराच्या हिशेबाने त्यांचे चुकले नाही. अमेरिकेत होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे, 1909 ते 1911 च्या काळात सिगारेटच्या पाकिटातून आलेले एक कार्ड 2022 मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरना विकले गेले. ते दुर्मिळ खरे, पण वॅग्नरही मोठा खेळाडू. नुसत्या दुर्मिळपणाला गिऱ्हाईक मिळत नाही.

तरीही मला हा व्यवहार उफराटा वाटतो. गावसकरांचे कार्ड हरवले म्हणून त्यांचे काय बिघडणार? त्यांच्यावर पुस्तके आहेत, चित्रफिती आहेत. दोन-तीन कसोट्या खेळून बाजूला पडलेल्याचे तसे नाही. त्याचे कार्ड रद्दीत गेले की त्याचा चेहराच गेला. आणि ज्यांची कार्डेच निघाली नाहीत, त्यांचे काय? पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले, एकही कसोटी न खेळता 2025 मध्ये ते गेले.

त्या गठ्ठ्यात एक कार्ड कंपनीचे नव्हतेच. माझा थोरला भाऊ, आण्णा, जिनिंगमध्ये हिशेब लिहायचा. वर्तमानपत्रातला भाऊसाहेब निंबाळकरांचा फोटो कापून त्याने खळीने पुठ्ठ्यावर चिकटवला होता. 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध निंबाळकर 443 वर नाबाद होते. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या, तेवढ्यात समोरच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. त्यांनाही कसोटी मिळाली नाही. आण्णाने मागे जांभळ्या शाईत "443" लिहिले आहे. आण्णा आता नाही.

डबा तसाच परत आणला. गावसकर, कपिलदेवसुद्धा विकले नाहीत. पुतण्या जरा हिरमुसला. रात्री जेवणे झाल्यावर त्यानेच पत्ते पिसावे तशी सगळी कार्डे पिसली आणि निंबाळकरांपाशी थांबला.

"काका, हे कार्ड खेळात चालतं का?"

"चालतं," मी म्हणालो. "पण बेरीज तुलाच करावी लागेल."