तिकीट ‘सोल्ड आऊट’ झालं, मग दुसऱ्या साईटवर लाखांत कसं मिळतं?

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. दुपारी बाराला कोल्डप्लेच्या मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकीटविक्री सुरू होणार होती. बारा वाजायच्या आधीच बुकमायशोचं ॲप आणि वेबसाईट दोन्ही बसलं. थोड्या वेळानं गाडी पुन्हा सुरू झाली, तेव्हा लोकांच्या स्क्रीनवर रांगेतला नंबर दिसायला लागला. कुणाच्या पुढे दोन लाख माणसं, कुणाच्या पुढे आठ लाख. ते स्क्रीनशॉट दुपारभर इन्स्टाग्रामवर फिरत राहिले. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आधी दोन कार्यक्रम ठरले होते, १८ आणि १९ जानेवारी २०२५. मागणी बघून त्याच दिवशी २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला. बुकमायशोच्या म्हणण्यानुसार त्या दिवशी सुमारे १ कोटी ३० लाख लोक तिकिटासाठी आले. जागा मात्र तिन्ही दिवसांच्या मिळून दोन लाखांच्या आतबाहेर. म्हणजे ॲप अगदी लोण्यासारखं चाललं असतं तरी बहुतेकांच्या हाती काहीच लागलं नसतं.

लोकांचा संताप झाला तो त्यानंतर. अधिकृत विक्रीत तिकिटं अडीच हजारापासून साडेबारा हजारांपर्यंत होती आणि लाऊंजचं तिकीट ३५ हजारांचं. काही तासांतच व्हायागोगो आणि गिग्जबर्ग या परदेशी पुनर्विक्रीच्या साईट्सवर याच कार्यक्रमांची तिकिटं दिसू लागली. १२,५०० रुपयांच्या तिकिटाला तिथे तीन लाखांच्या वरचा भाव लावलेला होता.

ही तिकिटं तिथे आली कुठून?

पहिला मार्ग सगळ्यांना माहीत आहे. एकच माणूस दहा मोबाईल, वीस सिमकार्ड आणि घरच्यांची, मित्रांची खाती वापरून तिकिटं उचलतो. त्याहून मोठे खेळाडू बॉट वापरतात. बॉट म्हणजे माणसाच्या ऐवजी क्लिक करणारा प्रोग्राम. तुम्ही सीट निवडेपर्यंत त्याचं पेमेंट झालेलं असतं.

दुसरा मार्ग जास्त मजेशीर आहे. साईटवर दिसणारं तिकीट विकणाऱ्याकडे असतंच असं नाही. तो आधी तुमच्याकडून तीन लाख घेण्याचा सौदा पक्का करतो आणि मग कुठूनतरी तिकीट मिळवायच्या मागे लागतो. मिळालं तर नफा, नाही मिळालं तर तुमचे पैसे परत, निदान नियमात तसं लिहिलेलं असतं. तुमचं रेल्वेचं रिझर्व्हेशन आणि हॉटेलचं बुकिंग मात्र वाया जातं.

तिसरा मार्ग सरळसरळ फसवणुकीचा. टेलिग्रामवर ग्रुप, इन्स्टाग्रामवर ‘दोन तिकिटं आहेत, इमर्जन्सीमुळे विकतोय’ अशी स्टोरी आणि पैसे मिळाले की ब्लॉक. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईडीनं कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझच्या कार्यक्रमांच्या तिकिटांवरून मुंबई, दिल्ली, जयपूर, चंदीगड आणि बेंगळुरूत १३ ठिकाणी छापे टाकले. तिथे मोबाईल, लॅपटॉप आणि सिमकार्ड जप्त झाली. खोटी तिकिटं विकायला इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम वापरलं जात असल्याचं ईडीनं सांगितलं.

चौथ्या मार्गाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो म्हणजे विक्रीला आलेलीच नसलेली तिकिटं. कुठल्याही मोठ्या कार्यक्रमात प्रायोजक, कलाकारांचे पाहुणे, बँकांचे कार्डधारक यांच्यासाठी काही जागा आधीच बाजूला काढलेल्या असतात. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी २०१६ मध्ये तिथल्या लोकप्रिय कार्यक्रमांचा हिशोब मांडला होता. सरासरी १६ टक्के तिकिटं आतल्या लोकांसाठी राखीव आणि ३८ टक्के प्रीसेलमध्ये गेलेली. सर्वसामान्यांसाठी खुल्या विक्रीत उरली ४६ टक्के, म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत.

आपल्याकडे असा हिशोब आयोजकांनी जाहीर करावा, असं बंधन नाही. त्यामुळे ‘पाच मिनिटांत सोल्ड आऊट’ हे वाक्य ऐकायला भारी वाटतं, पण किती तिकिटं पाच मिनिटांत संपली हे कळायला मार्ग नसतो.

ब्लॅकवाला तेव्हाचा आणि आताचा

सिंगल स्क्रीन थिएटरच्या जमान्यात ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड लागला की थिएटरबाहेर कानाशी येऊन ‘दस का बीस’ म्हणणारा माणूस असायचा. आधीच्या पिढीत कुणालाही विचारा, प्रत्येकाकडे त्याचा एक किस्सा असतो. त्या धंद्याचं एक उघड गुपित होतं. एवढी तिकिटं ब्लॅकवाल्याकडे बाहेरून रांग लावून येत नसत, अनेकदा आतल्याच कुणाचा हात असे, असं लोक खासगीत बोलत.

ब्लॅक का होतो, याचं उत्तर तेव्हाही तेच होतं. लोक जितके पैसे द्यायला तयार असतात, त्यापेक्षा तिकिटाची छापील किंमत कमी असते. कलाकाराला लोभी दिसायचं नसतं, स्टेडियम तरुण पोरांनी भरलेलं हवं असतं. त्या दोन किमतींमधली फट जितकी मोठी, तितका मधल्या माणसाचा नफा.

मग किंमतच वाढवली तर? ते करून बघणाऱ्यांचेही हाल झाले. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये ओअ‍ॅसिस बँडच्या पुनरागमनाची तिकिटं निघाली. दीडशे पौंडांच्या आसपासचं उभ्यानं बघायचं तिकीट घ्यायला तासन्‌तास रांगेत थांबलेल्यांना शेवटी ३५५ पौंडांचा आकडा दिसला. तिथल्या स्पर्धा नियामकानं तपास केला. एकाच उभ्या जागेची दोन दरांची तिकिटं होती, स्वस्त संपली की महाग सुरू, आणि हे तिकीटमास्टरनं ग्राहकांना नीट सांगितलं नव्हतं, असं त्यात पुढे आलं.

तिकीट कंपनी ही नुसती खिडकी आहे का?

आपल्या डोक्यात तिकीट कंपनी म्हणजे थिएटरची खिडकी. पैसे आत सरकवायचे, तिकीट बाहेर येतं. पण कोल्डप्लेच्या भारतातल्या कार्यक्रमांची आयोजकही बुकमायशोचीच ‘बुकमायशो लाईव्ह’ ही शाखा होती. म्हणजे कार्यक्रम आणणारा, तिकीट विकणारा, रांग सांभाळणारा आणि एका माणसाला किती तिकिटं द्यायची ते ठरवणारा, हे सगळं एकाच घरात.

हे बेकायदेशीर नाही. व्हायागोगो किंवा गिग्जबर्गशी आपला काहीही संबंध नाही, असं बुकमायशोनं जाहीरपणे सांगितलं आणि काळ्या बाजाराविरुद्ध पोलिसांत तक्रारही दिली. एका वकिलाच्या तक्रारीनंतर मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं कंपनीच्या प्रमुखांना समन्स पाठवलं होतं. पण ज्यानं रांग लावली त्यालाच रांग नीट होती का हे विचारावं लागतं, ही अडचण त्यानं सुटत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न फार पुढे गेला आहे. तिथे कार्यक्रम आणणारी लाईव्ह नेशन आणि तिकीट विकणारी तिकीटमास्टर या कंपन्या २०१० मध्ये एक झाल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या इराज टूरची प्रीसेल कोलमडली आणि खुली विक्री रद्द करावी लागली, तेव्हापासून लोक भडकलेले होते. मे २०२४ मध्ये अमेरिकी न्याय खात्यानं मक्तेदारीवरून या कंपनीवर खटला भरला.

सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं केलेले आरोप आपल्यासाठी जास्त कामाचे आहेत. दलाल ठरलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त तिकिटं घेतात हे कंपनीला माहीत होतं, तरी तिनं डोळेझाक केली, असं कमिशनचं म्हणणं आहे. डोळेझाक का? कारण कंपनीचा स्वतःचाही पुनर्विक्रीचा बाजार आहे. दलालानं पहिल्यांदा तिकीट घेतलं की शुल्क, त्यानं ते पुन्हा विकलं की त्याच्याकडून शुल्क आणि विकत घेणाऱ्या चाहत्याकडूनही शुल्क. एका खुर्चीवर तीनदा कमाई. कंपनीला हे आरोप मान्य नाहीत. पण हिशोब समजायला सोपा आहे: ब्लॅक थांबवून ज्याचं उत्पन्न कमी होणार, त्याच्याच हातात ब्लॅक थांबवायचं काम आहे.

भारतात याची सुरुवात कधी होणार, असं कुणी विचारत असेल तर सप्टेंबर २०२४ ची एक घोषणा आठवावी. झोमॅटोनं आपल्या ॲपमधून घेतलेलं तिकीट तिथेच पुन्हा विकता येईल अशी सोय जाहीर केली होती, दुप्पट किमतीपर्यंतच्या मर्यादेसह. आजारी पडलेल्या, परीक्षा आलेल्या माणसासाठी ही सोय चांगलीच आहे. जुनं तिकीट रद्द होऊन घेणाऱ्याच्या नावानं नवं निघतं, त्यामुळे खोट्या तिकिटाचीही भीती नाही. पण दुप्पट म्हणजे पुन्हा ‘दस का बीस’च की!

मग कायदा काय म्हणतो?

कॉन्सर्टचं तिकीट मूळ किमतीपेक्षा जास्त दरानं विकू नये, असं थेट सांगणारा देशपातळीवरचा कायदा नाही. पोलीस फसवणुकीची कलमं लावतात, ईडी मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली येते. खोटं तिकीट विकलं तर गुन्हा सोपा आहे. खरं तिकीट पाचपट दरानं विकलं तर काय, हे धूसर आहे.

ऑनलाईन काळ्या बाजाराला आळा घालण्यासाठी नियम करावेत, अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठानं जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळली. असे नियम करणं हे कायदेमंडळाचं आणि सरकारचं काम आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्याच्या आठवडाभरानं नेरूळला पहिला कार्यक्रम झाला.

बाहेरच्या देशांत यावर कायदे झाले आहेत. आयर्लंडनं २०२१ मध्ये मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं मूळ किमतीपेक्षा जास्त दरानं विकण्यावर कायद्यानं बंदी घातली. ब्रिटन सरकारनंही नोव्हेंबर २०२५ मध्ये तसाच निर्णय जाहीर केला.

तंत्रज्ञान नाही म्हणून थांबलंय का?

नाही, आणि याचा पुरावा कोल्डप्लेनंच दिला. हा बँड प्रत्येक ठिकाणी थोडी ‘इन्फिनिटी’ तिकिटं स्वस्तात काढतो. मुंबईसाठी ती नोव्हेंबर २०२४ मध्ये २,००० रुपयांना निघाली. एका माणसाला फक्त दोन आणि जोडीनंच घ्यायची. जागा कुठली ते कार्यक्रमाच्या दिवशी खिडकीवर तिकीट हातात घेताना कळणार. अशा तिकिटाचा ब्लॅक करायचा कसा? विकणाऱ्याला स्वतः नेरूळला यावं लागेल.

पन्नास हजार लोकांसाठी हे करायचं म्हणजे गेटवर माणसं, ओळखपत्रांची तपासणी आणि लांब रांगा. त्याला खर्च आहे. तिकिटांवर नाव असावं आणि प्रवेशावेळी ते ओळखपत्राशी ताडून पाहावं, असं महाराष्ट्र सायबरनंही सुचवलं होतं. दुसरा त्रासही आहे. मैत्रिणीसाठी तिकीट काढलं आणि ऐनवेळी तिच्याऐवजी बहीण आली, तर? नावाच्या तिकिटाबरोबर मूळ किमतीत तिकीट परत करायची किंवा दुसऱ्याच्या नावावर करायची सोय द्यावीच लागते. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की दलालाकडे विकायला फारसं काही उरत नाही. पुनर्विक्रीच्या शुल्कातही मग फार कमाई राहत नाही.

तोवर व्हॉट्सॲपवर कुणी तिकिटाचा क्यूआर कोड दाखवत असेल, तर एवढं ध्यानात ठेवा की तोच फोटो त्यानं आणखी दहा जणांना पाठवलेला असू शकतो. स्कॅनर पहिल्याला आत सोडतो, बाकीचे दहा गेटवरून परत फिरतात. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत तक्रार झाली, तर ते गोठवता येण्याची शक्यता असते.