उघड्या मर्सिडीजला शिव्या देऊन काय होणार? ट्रॅक्टरचा व्याजदर विचारा

चार दिवसांपासून आष्टी, परतूर, मंठा अशा सगळ्या ग्रुपांवर एकच फोटो फिरतोय. लाल रंगाची, टप उघडलेली, ऐंशीच्या दशकातली मर्सिडीज. बोनेटवर हार, समोर फोडलेला नारळ. (आष्टी म्हणजे आपली, जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. बीडची नव्हे. दर पोस्टला हे लिहावं लागतं, काय करणार.) गाडी कोणी घेतली ते सगळ्यांना माहीत आहे. मी नाव लिहिणार नाही, कारण त्या माणसानं काही गुन्हा केलेला नाही.

ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, 'भाऊंचा नाद करायचा नाही.' दुसरी म्हणते, 'इकडं शेतकरी मरतोय अन् यांना मर्सिडीज सुचते.' पहिल्या पार्टीशी मला बोलायचंच नाही. त्यांचं आयुष्य दुसऱ्याच्या गाडीशेजारी उभं राहून फोटो काढण्यात चाललंय. दुसऱ्या पार्टीशी बोलायचंय, कारण त्यांचा राग खरा आहे, फक्त पत्ता चुकलाय.

आधी गाडीबद्दल. फोटोतली गाडी मर्सिडीजची एसएल, कंपनीच्या भाषेत आर १०७. १९७१ ते १९८९, अशी १८ वर्षं हे मॉडेल जर्मनीत बनत होतं आणि एकूण २,३७,२८७ गाड्या निघाल्या. कापडी टप घडी घालून सीटमागं ठेवायचं, थंडीसाठी वरून बसवायचं वेगळं पत्र्याचं टप. आपल्याकडं तेव्हा अ‍ॅम्बेसेडरला नंबर लावून बसायचे, मारुती नवी नवी आली होती. ही एसएल भारतात दुकानात मिळतच नव्हती. परदेशी वकिलातींतल्या साहेबांच्या गाड्या, परत आलेल्या अनिवासी लोकांनी सामानासोबत आणलेल्या गाड्या, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशननं लिलावात काढलेल्या गाड्या, या वाटेनं अशा गाड्या आल्या. म्हणून त्या मोजक्या आहेत, आणि म्हणून महाग आहेत. बाकी मर्सिडीज शोरूमच्या बाहेर पडली की किंमत उतरायला लागते. या उघड्या गाडीचं उलटं आहे, चांगली ठेवली तर भाव चढतो.

आता मुद्द्याची गोष्ट. चाळीस वर्षं जुन्या गाडीला बँकेचं वाहनकर्ज मिळणं जवळपास अशक्य. म्हणजे ती घ्यायची तर रोख आपल्या खिशातून. वर सरकारलाही द्यावे लागतात. ऑगस्ट २०२५ च्या नियमानुसार २० वर्षांपुढच्या आयात चारचाकीची नोंदणी पुढं चालू ठेवायला ८० हजार रुपये फी आहे. देशी कारला तीच फी १० हजार. पर्यावरण कर वेगळा. ५० वर्षं झाली की 'व्हिंटेज' म्हणून २०२१ च्या नियमात वेगळी नोंदणी मिळते, पण १९८५ च्या गाडीला त्यासाठी २०३५ उजाडावं लागेल. म्हणजे या माणसानं शौक केला, पण स्वतःच्या पैशानं. त्याला तुम्ही शिव्या घालताय.

तर मग शिव्या कोणाला? यासाठी सोळा वर्षं मागं जाऊ.

ऑक्टोबर २०१०. आपल्यापासून दोन-अडीच तासांवरचं तेव्हाचं औरंगाबाद. तिथल्या उद्योजक, व्यापारी, डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एकाच दमात १५० मर्सिडीज घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी. देशभर बातमी झाली. मराठवाडा मागास म्हणता, बघा, अशा थाटात मथळे आले. त्या ६५ कोटींतले सुमारे ४४ कोटी स्टेट बँकेनं कर्ज दिलं. सरकारी बँक, तुमच्या-माझ्या ठेवींची बँक. आणि व्याज किती? ७ टक्के.

त्याच काळात मराठवाड्यातला शेतकरी ट्रॅक्टर घ्यायला बँकेत गेला की व्याज १२ टक्क्यांच्या वर होतं. पी. साईनाथ यांनी या दोन दरांवर लिहिलं, तेव्हा थोडी चर्चा झाली आणि विरली. २०१० याच वर्षी राज्य गुन्हे नोंदींच्या राष्ट्रीय आकडेवारीत महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्या ३,१४१ होत्या. हे दोन्ही आकडे एकाच वर्षाचे, एकाच राज्याचे. पहिल्या आकड्याचे सत्कार झाले.

बँकवाले तेव्हा काय म्हणाले असतील ते मला तोंडपाठ आहे, कारण आजही तेच म्हणतात. गिऱ्हाईक मोठं, पत चांगली, दीडशे गाड्यांचा एकगठ्ठा व्यवहार, बुडण्याचा धोका नाही, म्हणून दर कमी. ठीक. मग तारणाचं बोला. मर्सिडीजला तारण काय? ती गाडीच. जिची किंमत दरवर्षी उतरते. ट्रॅक्टरला तारण काय? ट्रॅक्टर तर आहेच, वर बहुतेक ठिकाणी जमीन गहाण, सातबाऱ्यावर बोजा. जमिनीचा भाव उतरतो का हो कधी? ज्यानं जास्त तारण दिलं त्याला जास्त व्याज आणि ज्यानं कमी दिलं त्याला कमी. हे कुठल्या बँकिंगच्या पुस्तकात बसतं ते मला कुणीतरी समजावून सांगा. चहा माझ्याकडून.

साधा हिशोब करून पाहा. ७ लाखांचं कर्ज, ७ वर्षं, मासिक हप्ता धरू. १२ टक्क्यांनी एकूण व्याज जातं ३ लाख ३८ हजारांच्या आसपास. ७ टक्क्यांनी जातं १ लाख ८७ हजार. फरक दीड लाखाचा. दीड लाख म्हणजे आपल्याकडं एका मुलीचं पॉलिटेक्निकचं शिक्षण, नाहीतर विहिरीचं अर्धं खोदकाम. हे पैसे मेहनत कमी पडली म्हणून गेले नाहीत. फॉर्मवर 'ट्रॅक्टर' लिहिलं म्हणून गेले.

आणि पंधरा वर्षांनी काय उरतं तेही बघा. त्या दीडशे गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी ऑक्टोबर २०२५ च्या सुमारास संपली. तेवढ्या वयाची मर्सिडीज आज जुन्या बाजारात नव्या मध्यम ट्रॅक्टरच्या पैशात मिळून जाते. २०१० चा ट्रॅक्टर मात्र आजही आष्टीच्या शिवारात रोटाव्हेटर ओढतोय, सीझनला उसाच्या ट्रॉल्या ओढतोय. देशाच्या संपत्तीत भर कोणत्या कर्जानं घातली?

कॉमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच, 'पण पीककर्ज ७ टक्क्यांनीच मिळतं, वेळेवर भरलं तर ४ नं.' खरं आहे. पण ते पीककर्ज, एका हंगामाचं, ३ लाखांपर्यंतचं. ते मिळवायला जूनमध्ये बँकेच्या पायरीवर किती चकरा होतात ते इथं सांगायची गरज नाही. ट्रॅक्टर, विहीर, पाइपलाइन हे मुदती कर्ज. त्यावर ती सवलत नाही. दुसरं कोणी लिहील की सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरचा जीएसटी १२ वरून ५ वर आला. तेही खरं, आणि चांगलं झालं. पण त्याच दिवशी मोठ्या आलिशान गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून ४८-५० टक्के होता तो ४० वर आला. जाहिरात ट्रॅक्टरची झाली, सवलत दोघांना मिळाली. आणि त्याच महिन्यातल्या पावसानं गोदाकाठची माती खरवडून नेली, त्या शेतात तो ५ टक्केवाला ट्रॅक्टर घालायला पैसे कुठून आणायचे, हे त्या जाहिरातीत नव्हतं.

आता थोडं पोरांशी. फोटो पाहून तीन जणांनी मला मेसेज केला, 'दादा, अशी गाडी दिल्लीला स्वस्तात मिळते म्हणतात, घ्यावी का?' त्यातल्या एकाच्या घरी जालना-नांदेड महामार्गाचा मावेजा आलाय, म्हणून काळजीनं लिहितोय.

परदेशातून जुनी गाडी आणायची तर सर्वसाधारण नियम असा आहे की ती ३ वर्षांपेक्षा जुनी नको. म्हणजे ऐंशीच्या दशकातली एसएल आज नव्यानं देशात येऊ शकत नाही. जी विकायला आहे ती पूर्वीपासून इथं असायला हवी आणि तिचे कागदही तेवढेच जुने हवेत. गाडी जुनी आणि कागद कोरे करकरीत असतील तर हात जोडा आणि निघा. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सनं 'ऑपरेशन नुमखोर' केलं. भूतानमार्गे चोरून आणलेल्या, खोट्या कागदांवर नोंदवलेल्या गाड्या बड्या बड्या लोकांच्या दारातून उचलून नेल्या. तुमच्या दारातून न्यायला तर कोणी बातमीदारही येणार नाही. मी येईन, पण त्याचा तुम्हाला उपयोग नाही.

दिल्लीत १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आहे, म्हणून तिकडचा माल उतरत्या भावात इकडं येतो. चेसिस नंबर, मूळ आयातीचा कागद, कस्टम्सची पावती, तिकडच्या आरटीओची एनओसी हे सगळं हातात आल्याशिवाय एक रुपया इसार देऊ नका.

आणि पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीतले रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेलेच नाहीत, हळूहळू खराब होतात. ते इथेनॉल कशापासून होतं? उसापासूनही. म्हणजे आपल्याच वावरातला ऊस आपल्याच मर्सिडीजचे पाइप खाणार! मिस्त्री परतूरला नाही, जालन्याला नाही. पार्ट जर्मनीहून.

एवढं सगळं करून ज्याला हौस आहे आणि ज्याच्याकडं स्वतःचे पैसे आहेत, त्यानं घ्यावी. माझी ना नाही. दहाव्या मिनिटाला रस्त्यातल्या खड्ड्यात बंपर टेकेल तेव्हा फोन करा, फोटो छापतो.

बाकीच्यांना एक काम. तुमच्या घरात ट्रॅक्टर, विहीर, पाइपलाइन, गोठा, कशाचंही मुदती कर्ज असेल तर मंजुरीच्या पत्राचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. नाव, खाते नंबर झाकून. मला फक्त चार गोष्टी हव्यात: बँक कोणती, रक्कम किती, व्याजदर किती, तारण काय घेतलं. ज्यांच्या घरी कारचं कर्ज आहे त्यांनी तेही पाठवा. खासगी फायनान्सवाल्यांचंही चालेल, तिथले दर तर बघण्यासारखे असतील. परतूर आणि मंठा तालुक्यांतून पन्नास पत्रं जमली की दोन रकाने करून इथंच टाकतो, आणि तेच दोन रकाने घेऊन जालन्याला अग्रणी बँकेच्या साहेबांकडं जातो. सोबत कोण येणार ते कॉमेंटमध्ये लिहा. ते लाल दिल, भडकलेलं तोंड वगैरे नको, गावाचं नाव लिहा.