विमा वेगळा, हमी वेगळी

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटची भिंत ओली व्हायला लागली. बाबा निवांत. "विमा काढलाय की!" विमा कंपनीचा माणूस आला, भिंतीला हात लावून म्हणाला, ही ओल कच्च्या बांधकामाची, विम्यात बसत नाही. घरचे सगळे त्याच्यावर चिडले. मला मात्र त्याचं पटलं. (सिव्हिलला असल्याचा एवढा तरी उपयोग!)

मित्रांनो, विमा अचानक येणाऱ्या संकटासाठी. आग, भूकंप, २००८ आणि २०१६ साली आला तसा गोदेचा पूर. २०२१ साली आलेली 'भारत गृह रक्षा' पॉलिसीही त्यासाठीच आहे. बांधकामातल्या चुकीला जबाबदार बिल्डर. रेरा कायद्याचं कलम १४ म्हणतं, ताब्यापासून ५ वर्षांत दोष दाखवला, तर ३० दिवसांत फुकट दुरुस्ती करून द्यायची. आमच्या ताब्याला चारच वर्षं झालीत. तरी आमचे बिल्डरसाहेब म्हणतात, "वॉरंटी एका वर्षाचीच होती." वा! म्हणजे कायद्यापेक्षा यांचं ब्रोशर मोठं?

व्हायव्हाला आपण काय काय पाठ करतो, आणि घराचे कागद कपाटात न वाचलेले. शेवटी मीच फोटो लावून लेखी तक्रार स्पीड पोस्टानं धाडली. आज अकरावा दिवस. तीस भरले की महारेरा.