पाहुणे परतल्यावर

नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी, असा कार्यक्रम जाहीर झालेला आहे. त्यासाठी शासनाने स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले असून रस्ते, पूल व घाट यांचे आराखडे आखले गेले आहेत. नाशिकच्या या लगबगीशी नांदेडकरांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. एक तर हीच गोदामाई नाशिकहून पैठण, गंगाखेड करीत आमच्या दारी येते. आणि दुसरे असे की, जगभरच्या पाहुण्यांसाठी अवघे शहर सजविण्याचा अनुभव या नगरीने एकदा घेतलेला आहे.

गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली याच भूमीत देह ठेवला आणि आपल्यामागे श्री गुरू ग्रंथसाहिब हेच शिखांचे गुरू राहतील, असे सांगितले. त्या गुरुतागद्दीचा त्रिशताब्दी सोहळा २००८ साली येथे झाला. देशोदेशींचे शीख बांधव त्यासाठी आले. अवघ्या ११ वर्षांपूर्वी जन्मलेल्या महापालिकेला हा भार एरवी झेपता ना. परंतु केंद्र सरकारच्या नागरी पुनर्निर्माण अभियानात नांदेडचा समावेश झाला, आणि खर्चाचा ८० टक्के भार केंद्राने, १० टक्के राज्याने व उरलेला १० टक्के महापालिकेने सोसावा, असे ठरले. मराठवाड्यातील शहराच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते.

त्या निधीतून पुष्कळ चांगले घडले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. रस्ते रुंद झाले, नदीला घाट लाभले, विमानतळास नवी इमारत मिळाली. नायगाव, कंधार, मुखेड येथून दवाखान्यासाठी वा बाजारहाटासाठी येणाऱ्या सामान्य माणसालाही त्या रस्त्यांचा उपयोग झाला. परंतु नव्याचे नऊ दिवस सरल्यावर काय झाले? विमानतळ सज्ज होता, पण मध्यंतरी कित्येक वर्षे तेथे प्रवासी विमान उतरले नाही. २०१७ मध्ये ती सेवा पुन्हा सुरू करावी लागली. घाट बांधले गेले, पण शहराचे सांडपाणी नाल्यांवाटे नदीत जाण्याचे अद्याप थांबलेले नाही. उभारणीच्या खर्चात केंद्र भागीदार होते. देखभालीच्या खर्चास भागीदार कोण, याचा विचार त्या घाईत मागे पडला.

१८५१ साली लंडनमध्ये जगातले पहिले मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. ज्या काचमहालाने तेव्हा जगाचे डोळे दिपविले, तो पुढे दुसरीकडे हलविण्यात आला आणि १९३६ साली जळून खाक झाला. टिकले ते निराळेच. प्रदर्शनाच्या उत्पन्नातून सुमारे १ लाख ८६ हजार पौंड शिल्लक राहिले. त्या रकमेच्या आधाराने चालकांनी जमीन घेतली आणि तीवर कालांतराने संग्रहालये व विद्यालये उभी राहिली. लंडनकर आजही त्यांचा लाभ घेतात. पाहुण्यांसाठी केलेला खर्च घरच्यांच्या कामी लावण्याची दृष्टी त्या चालकांपाशी होती.

नाशिककरांना आमचे सांगणे एवढेच आहे की, घाटाच्या पायऱ्यांआधी गटारांचा व सांडपाणी शुद्धीकरणाचा विचार करावा. साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावास २०२५ च्या अखेरीस नागरिकांनी जो विरोध केला, त्यामागे हीच भावना होती: काही दिवसांच्या वस्तीसाठी पिढ्यांची सावली गमावू नये. जे बांधले जाईल, त्याच्या पुढील दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद बांधकामाच्या अंदाजपत्रकातच दाखवावी. ज्यांची घरे वा दुकाने रुंदीकरणात जातील, त्यांना पर्यायी जागा आधी मिळावी, हातोडा नंतर पडावा.

परंतु वरच्या अंगाच्या शहरास उपदेश करताना खालच्या अंगाकडे पाठ फिरविणे आम्हांस शोभणार नाही. नाशिकचे पाणी जसे आमच्याकडे येते, तसेच नांदेडचे पाणी पुढे नायगाव तालुक्यातील गोदाकाठच्या गावांना जाते. तेथील शेतकरी व त्यांची गुरे याच नदीवर अवलंबून आहेत. त्यांनी कोणताही सोहळा भरविला नाही. कोणत्याही अभियानाचा निधी मागितला नाही. तरी शहराच्या हलगर्जीपणाची झळ त्यांना रोज सोसावी लागते. नांदेड महापालिकेने नदीत मिसळणारा प्रत्येक नाला केव्हा अडविला जाईल, याचे तारीखवार वेळापत्रक प्रसिद्ध करावे आणि दर तीन महिन्यांनी त्याचा हिशेब जनतेपुढे ठेवावा. त्यासाठी दुसऱ्या त्रिशताब्दीची वाट पाहण्याचे कारण नाही.